अंथरुणातून मैदानाकडे : कणा मोडलेल्या माणसांच्या खेळांचा इतिहास

इतिहास म्हटला की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर राजे, लढाया, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. परीक्षेच्या दृष्टीने ते आवश्यकच आहे. परंतु माणसाने माणसाला कसे वागविले, ज्याला कालपर्यंत निरुपयोगी समजून बाजूला टाकले त्याला आज आपल्या शेजारी कसे बसविले, हाही इतिहासच आहे. प्रस्तुत लेखात अशाच एका इतिहासाची ओळख करून देण्याचा प्रयत्न आहे. अपघातात किंवा युद्धात पाठीचा कणा मोडून ज्यांचे पाय कायमचे लुळे पडले, अशी माणसे खेळाच्या मैदानात कशी आली, आणि त्यांपैकी आपल्याच महाराष्ट्रातील एका सैनिकाने भारताला पॅरालिम्पिकमधील पहिले सुवर्णपदक कसे मिळवून दिले, याची ही हकीकत आहे.

हा विषय केळापूरसारख्या तालुक्यातील पालकांपुढे मांडण्यास कारण आहे. आपला भाग कापसाचा आणि तुरीचा. येथे कापसाच्या भरल्या गाडीवरून माणूस पडतो, झाडावरून पडतो, विहिरीत पडतो. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा मोठा रस्ता आपल्या पांढरकवड्यावरून जातो आणि त्यावर रात्रंदिवस ट्रक धावतात. कणा मोडण्याची आपत्ती कोणत्या घरी केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती आल्यावर पुष्कळ घरांत एकच गोष्ट घडते. तरुण मुलगा आतल्या खोलीत खाटेवर जातो, शाळेतून त्याचे नाव कमी होते, आणि घरची माणसे प्रेमापोटीच म्हणतात, "आता याच्याकडून काय होणार? बसून खाऊ दे बिचाऱ्याला." या वाक्यात माया आहे, पण त्या मायेने किती आयुष्ये बंद केली याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही. म्हणून हा इतिहास आपल्याला माहीत असणे जरूर आहे.

जुन्या काळी काय समजूत होती

पाठीच्या मणक्यांमधून मज्जारज्जू जातो. मेंदूचा हुकूम हातापायांपर्यंत नेणारी आणि हातापायांची संवेदना मेंदूपर्यंत आणणारी ही मुख्य तारच होय. विजेची तार ज्या ठिकाणी तुटते त्याच्या पुढच्या घरांत अंधार होतो. तसेच येथे घडते. मानेत इजा झाली तर हात व पाय दोन्ही जातात, पाठीत किंवा कमरेत झाली तर हात शाबूत राहतात व पाय जातात. बरोबर लघवी व शौचावरील ताबाही जातो. तुटलेला मज्जारज्जू पूर्ववत जोडण्याचा उपाय वैद्यकशास्त्राला अजूनही सापडलेला नाही.

प्राचीन इजिप्तमधील सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा एक वैद्यकीय लेख उपलब्ध आहे. मान मोडून हातपाय बधिर झालेल्या रुग्णाचे त्यात अचूक वर्णन आहे, आणि ही व्याधी उपचार करण्याजोगी नाही असा निर्णयही आहे. हा निर्णय जगाने हजारो वर्षे जसाच्या तसा पाळला. पहिल्या महायुद्धात कणा मोडलेले बहुतेक सैनिक काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मरण पावत. गंमत अशी की ते कणा मोडल्यामुळे मरत नसत. एकाच कुशीवर पडून राहिल्याने पाठीला व कमरेला खोल जखमा पडत, मूत्रमार्गात पू होई, आणि त्या विषाने ते जात. म्हणजे मारणारी गोष्ट टाळता येण्याजोगी होती. टाळली जात नव्हती, कारण या माणसाला वाचवून करायचे काय, हा प्रश्न डॉक्टरांच्याही मनात होता.

एक निर्वासित डॉक्टर

हा प्रश्न उलटा करून विचारणारा माणूस म्हणजे डॉ. लुडविग गुटमान. १८९९ मध्ये जन्मलेले गुटमान हे जर्मनीतील नामांकित मज्जातंतुतज्ज्ञ होते. ते ज्यू होते. हिटलरच्या राजवटीत ज्यू डॉक्टरांना ज्यूंव्यतिरिक्त इतर रुग्णांवर उपचार करण्याची मनाई झाली, आणि १९३९ मध्ये बायकोमुलांसह त्यांना इंग्लंडमध्ये आश्रय घ्यावा लागला. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांची संख्या वाढू लागली तेव्हा ब्रिटिश सरकारने लंडनच्या वायव्येस असलेल्या स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात कणा मोडलेल्यांसाठी स्वतंत्र विभाग काढला आणि १ फेब्रुवारी १९४४ रोजी तो गुटमान यांच्याकडे सोपविला.

त्यांनी केलेली पहिली सुधारणा अगदी साधी होती. प्रत्येक रुग्णाची कूस दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, बदलायची. त्यासाठी ते स्वतः रात्री वॉर्डात येऊन पाहात. जखमा पडणे थांबले, मूत्रमार्गाची स्वच्छता राखली गेली, पेनिसिलिनची जोड मिळाली आणि माणसे जगू लागली. मग दुसरी पायरी. रुग्णाला कामाला लावायचे. सुतारकाम, घड्याळदुरुस्ती, टंकलेखन अशी कामे वॉर्डाशेजारीच शिकविली जाऊ लागली. तिसरी पायरी खेळांची. चाकांच्या खुर्चीत बसून चेंडू खेळताना दंड व खांदे बळकट होतात, तोल सांभाळता येऊ लागतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मनुष्य आपल्या दुखण्याखेरीज दुसऱ्या कशाचा तरी विचार करू लागतो, हे त्यांनी ओळखले.

येथे त्या खुर्चीविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. पूर्वीच्या चाकांच्या खुर्च्या लाकडी, अवजड आणि दुसऱ्याने ढकलण्याच्या असत. अमेरिकेतील हर्बर्ट एव्हरेस्ट या खाण-अभियंत्याचा कणा खाणीतील अपघातात मोडला होता. त्याने हॅरी जेनिंग्ज या आपल्या अभियंता मित्राच्या मदतीने १९३० नंतरच्या काही वर्षांत घडी घालता येणारी, पोलादी नळ्यांची हलकी खुर्ची तयार केली. मोटारीत घालून नेता येईल अशी ही खुर्ची आली नसती तर पुढचे सारे खेळ कागदावरच राहिले असते. ही सोय ज्याला तिची गरज होती त्यानेच शोधली, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

२९ जुलै १९४८ रोजी लंडन येथे ऑलिंपिक सामन्यांचे उद्घाटन झाले. नेमक्या त्याच दिवशी गुटमान यांनी रुग्णालयाच्या हिरवळीवर तिरंदाजीची स्पर्धा भरविली. स्पर्धक होते १६, त्यांत २ स्त्रिया. सारे चाकांच्या खुर्चीतील माजी सैनिक व सैनिकी सेवेतील स्त्रिया. १९५२ मध्ये हॉलंडचे स्पर्धक आले आणि सामने आंतरराष्ट्रीय झाले. १९६० मध्ये रोम येथे वीसहून अधिक देशांतील सुमारे ४०० खेळाडू जमले. हेच पुढे पहिले पॅरालिम्पिक सामने म्हणून मानले गेले. ऑलिंपिकच्या बरोबरीने, त्याला समांतर चालणारे सामने, असा या शब्दाचा आजचा अर्थ आहे. १९४४ मध्ये ज्यांच्या जगण्याची आशा नव्हती, त्यांच्यासारखेच लोक सोळा वर्षांत रोमच्या मैदानावर देशाचा झेंडा घेऊन गेले.

सांगलीचा मुलगा

आता आपल्या घरची गोष्ट. मुरलीकांत पेटकर यांचा जन्म १ नोव्हेंबर १९४४ रोजी सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूर भागात झाला. योगायोग पाहा, स्टोक मँडेव्हिलचा विभाग सुरू झाला तेच हे वर्ष. पेटकर सैन्यात दाखल झाले. यंत्रे व वाहने दुरुस्त करणाऱ्या इ.एम.ई. या दलात ते कारागीर जवान होते, आणि सैन्यात मुष्टियोद्धा म्हणून त्यांनी नाव मिळविले होते.

१९६५ मध्ये पाकिस्तानशी युद्ध झाले. हवालदार अब्दुल हमीद यांनी खेमकरण विभागात शत्रूचे रणगाडे निकामी करीत प्राण दिले, ते याच युद्धात. त्यांचे नाव आपल्या घराघरांत आहे आणि असलेच पाहिजे. परंतु प्रत्येक युद्धातून दुसरीही काही माणसे परत येतात. ती शहीद होत नाहीत, विजयाच्या मिरवणुकीतही दिसत नाहीत. ती स्ट्रेचरवरून येतात आणि रुग्णालयाच्या वॉर्डात विसरली जातात. मुरलीकांत पेटकर हे त्यांपैकी एक. त्यांना अनेक गोळ्या लागल्या. कण्याला इजा होऊन कमरेखालचा भाग लुळा पडला. वय अवघे वीस, पेशा मुष्टियोद्ध्याचा, आणि पाय गेलेले. मुंबईच्या अश्विनी या नौदल रुग्णालयात त्यांच्यावर दीर्घकाळ उपचार झाले.

तेथे व्यायामोपचाराचा भाग म्हणून त्यांना पाण्यात उतरविण्यात आले. याचे शास्त्र समजून घेण्याजोगे आहे. जमिनीवर लुळे पाय हे ओझे असते. पाण्यात शरीराचा भार पाणी उचलते. पाय ढकलण्याच्या कामी येत नाहीत, उलट ते खाली ओढतात. म्हणून पुढे जाण्याचे सारे काम खांदे, दंड आणि छातीला करावे लागते, आणि शरीर आडवे राखण्यासाठी मान व श्वास यांचा मेळ बसवावा लागतो. मुष्टियोद्ध्याचे खांदे तर तयारच होते. उपचार म्हणून सुरू झालेली गोष्ट हळूहळू सराव झाली आणि सरावातून स्पर्धा उभी राहिली.

१९६८ मध्ये तेल अवीव येथे झालेल्या पॅरालिम्पिकमध्ये भारताने प्रथमच भाग घेतला. पेटकर तेथे टेबल टेनिस खेळले आणि त्यांनी पहिली फेरी पार केली. पदक मात्र मिळाले नाही. नंतरची चार वर्षे त्यांनी पोहण्यावर भर दिला.

१९७२ ची ऑलिंपिक म्युनिक शहरात होती. अपंगांचे सामनेही तेथेच व्हावयाचे, परंतु म्युनिकच्या खेळाडूंसाठी बांधलेल्या इमारती सामन्यांनंतर राहत्या घरांसाठी द्यावयाच्या असल्याने जागा मिळाली नाही, आणि सामने हायडेलबर्ग येथे, ऑलिंपिकच्या आधीच, ऑगस्टच्या सुरुवातीस भरले. चाळीसहून अधिक देशांतील सुमारे एक हजार खेळाडू आले होते. पेटकरांनी ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्याच्या आपल्या गटातील शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकली. तो त्या गटातील जागतिक विक्रम होता. भारताचे हे पॅरालिम्पिकमधील पहिले पदक, आणि तेही सुवर्ण. भालाफेक, अचूक भालाफेक आणि चाकांच्या खुर्चीची अडथळ्यांची शर्यत या तिन्ही प्रकारांतही ते अंतिम फेरीत पोहोचले.

काही दिवसांनी म्युनिक ऑलिंपिक झाले. तेथे साऱ्या भारताला मिळून एकच पदक मिळाले, ते हॉकीचे कांस्य. हॉकीची चर्चा देशभर झाली. हायडेलबर्गचे सुवर्ण मात्र फार थोड्यांना ठाऊक झाले.

३७ सेकंदांमागे कोण उभे होते

अशी हकीकत सांगितली की आपण लगेच म्हणतो, "काय जबरदस्त इच्छाशक्ती!" इच्छाशक्ती होतीच. ती नसती तर काहीच झाले नसते. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने पुढचा प्रश्न विचारला पाहिजे. १९६५ च्या युद्धात आणि त्यानंतर कणा मोडलेली इतरही माणसे होती. खेड्यापाड्यांत तर अपघाताने रोजच होत होती. त्या सर्वांच्या ठिकाणी इच्छाशक्ती नव्हती काय?

नीट पाहिले तर त्या ३७ सेकंदांमागे एक लांब साखळी दिसते. पहिले म्हणजे त्यांना रणांगणातून वेळेवर उचलून रुग्णालयात आणले गेले. दुसरे, तेथे कूस बदलणारी, जखमा धुणारी माणसे होती, म्हणून शरीर कुजले नाही. तिसरे, त्यांना पाण्यात उतरविणारा कोणी तरी होता आणि उतरण्यास पाणीही होते. चौथे, परदेशी जाण्याच्या खर्चाची व्यवस्था करणारी मंडळी होती. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी अपंगांसाठी केलेल्या कार्यातून पेटकरांनाही साहाय्य मिळाले. आणि पाचवे, ज्यात भाग घ्यावा असे सामने त्याआधी चोवीस वर्षांपूर्वी एका निर्वासित डॉक्टरने सुरू करून ठेवले होते. या साखळीतील एक कडी जरी निसटली असती तरी मुरलीकांत पेटकर हे नाव आज कोणाला ठाऊक नसते. हिंमत माणसाची स्वतःची असते, पण हिमतीला रस्ता दुसऱ्यांनी करून द्यावा लागतो.

याचा उलटा पुरावाही इतिहासातच आहे. १९७२ नंतर भारताला पॅरालिम्पिकमध्ये दुसरे सुवर्णपदक मिळाले ते २००४ मध्ये, अथेन्स येथे, देवेंद्र झाझडिया यांना भालाफेकीत. मध्ये ३२ वर्षे गेली. १९८४ मध्ये जोगिंदरसिंग बेदी व भीमराव केसरकर यांनी पदके आणली, पण सुवर्ण नाही. या ३२ वर्षांत कोट्यवधींच्या देशात हिंमतवान अपंग जन्मलेच नाहीत असे कोण म्हणेल? हिंमत होती, पण साखळी नव्हती. जिल्ह्याजिल्ह्यांत मैदान नव्हते, प्रशिक्षक नव्हते, शाळेच्या पायऱ्या चढण्याचीसुद्धा सोय नव्हती.

पेटकरांनी पुढे पुण्यात टेल्को कारखान्यात नोकरी केली, संसार केला. सैनिकांसाठी पुण्याजवळ खडकी येथे १९७४ मध्ये पक्षाघात पुनर्वसन केंद्र स्थापन झाले. तेथे कणा मोडलेले जवान राहतात, काम शिकतात आणि चाकांच्या खुर्चीवरून बास्केटबॉल व इतर खेळ खेळतात. खडकीची ही परंपरा जुनी आहे. अपंग सैनिकांना हस्तव्यवसाय शिकविणारी क्वीन मेरी संस्था १९१७ मध्ये मुंबईत निघाली आणि नंतर खडकीस आली. पेटकरांची सरकारी दखल मात्र फार उशिरा घेतली गेली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, म्हणजे पदकानंतर ४६ वर्षांनी. २०२४ मध्ये त्यांच्या जीवनावर ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट निघाला, आणि जानेवारी २०२५ मध्ये अर्जुन जीवनगौरव पुरस्कार त्यांना देण्यात आला, तेव्हा त्यांचे वय ८० होते. देशाने त्यांना विसरण्यात जी वर्षे घालविली, त्या वर्षांत त्यांचे नाव शाळेच्या पुस्तकात असते तर किती खाटांवरची मुले उठून बसली असती!

मुलींविषयी

मुलगा अपंग झाला तर घर हळहळते, मुलगी झाली तर घर तिला लपविते. म्हणून काही मुलींच्या हकीकती मुद्दाम सांगतो.

इराणमधील केरमान येथील झहरा नेमाती ही तायक्वांदो खेळणारी मुलगी. अठराव्या वर्षी मोटार अपघातात तिच्या कण्याला इजा झाली आणि पाय गेले. तिने धनुष्य हाती घेतले. २०१२ मध्ये लंडनच्या पॅरालिम्पिकमध्ये तिने तिरंदाजीचे सुवर्णपदक जिंकले. ऑलिंपिक असो की पॅरालिम्पिक, सुवर्ण मिळविणारी ती पहिली इराणी स्त्री ठरली. २०१६ मध्ये रिओ येथे, धडधाकट खेळाडूंच्या ऑलिंपिकमध्ये, इराणच्या साऱ्या पथकाचा झेंडा हाती घेऊन ती चाकांच्या खुर्चीवरून पुढे चालली आणि दोन्ही सामन्यांत खेळली. डोक्यावरचा रुमाल तिच्या आड आला नाही आणि खुर्चीही आली नाही.

दीपा मलिक यांना कण्यातील गाठीमुळे १९९९ मध्ये अपंगत्व आले. त्या वेळी त्या दोन मुलींच्या आई होत्या. महाराष्ट्रातील अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे राहून त्यांनी हॉटेलचा व्यवसाय केला, खेळात उतरल्या, आणि २०१६ मध्ये रिओ येथे गोळाफेकीत रौप्यपदक मिळविले. पॅरालिम्पिकमध्ये पदक मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री.

जयपूरची अवनी लेखरा २०१२ मध्ये मोटार अपघातात सापडली तेव्हा ११ वर्षांची होती. ती खिन्न होऊन बसू लागली. तिच्या वडिलांनी २०१५ मध्ये तिला नेमबाजीच्या मैदानावर नेले. २०२१ मध्ये भरलेल्या टोकियोच्या सामन्यांत आणि २०२४ मध्ये पॅरिस येथे तिने १० मीटर एअर रायफलमध्ये सुवर्ण जिंकले. पालकांनी यातील एकच वाक्य लक्षात ठेवावे : वडिलांनी तिला मैदानावर नेले.

स्पर्धा कशी घेतात

पुष्कळांना शंका येते की मान मोडलेला आणि कंबर मोडलेला हे एकमेकांशी कसे खेळणार? त्यासाठी डॉक्टर व तज्ज्ञ प्रत्येक खेळाडूची तपासणी करून, इजा किती वर आहे आणि किती स्नायू काम देतात हे पाहून गट ठरवितात. कुस्तीत वजनाप्रमाणे जोड लावतात, तसाच हा प्रकार. गोळा किंवा भाला फेकणाऱ्यास जमिनीला घट्ट बांधलेल्या लोखंडी आसनावर पट्ट्यांनी बसवितात, म्हणजे फेक हात व खांद्याच्या बळावरच होते. ज्यांच्या बोटांतही जोर राहिलेला नाही त्यांच्यासाठी बाटलीच्या आकाराचा हलका लाकडी दांडा फेकण्याचा खेळ आहे, त्यास क्लब थ्रो म्हणतात.

याच खेळात २०२४ मध्ये पॅरिस येथे हरियाणाच्या धरमबीर यांनी ३४.९२ मीटर फेक करून सुवर्ण जिंकले. त्यांना अपंगत्व कसे आले हे आपल्या मुलांनी ऐकून ठेवावे. खोलीचा अंदाज न घेता त्यांनी कालव्यात सूर मारला आणि तळाच्या दगडांवर आदळले. आपल्याकडे उन्हाळ्यात विहिरीत व नदीच्या डोहात उड्या मारणाऱ्या मुलांना हे सांगण्याची गरज आहे काय? पॅरिसच्या त्या सामन्यांत भारताने एकूण २९ पदके मिळविली, त्यांत ७ सुवर्ण. १९७२ च्या एका पदकापासून देश येथवर आला आहे.

केळापूरने यातून काय घ्यावे

आपल्या तालुक्यातून उद्याच कोणी पॅरालिम्पिकला जाईल असे सांगण्याचा माझा उद्देश नाही. पदक हे साखळीचे शेवटचे टोक आहे. आपले काम पहिल्या कड्यांचे आहे, आणि त्या कड्या पैशाने फार महाग नाहीत.

पहिली गोष्ट, उंचावरून पडलेल्या किंवा अपघातात सापडलेल्या माणसाला हातापायांना धरून उचलू नये, वाकवू नये, बसवू नये. मान व पाठ सरळ राखून, चार-पाच जणांनी मिळून, फळीवर किंवा दारावर घालून दवाखान्यात न्यावे. आणि त्यासाठी १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी. अर्धवट दुखावलेला मज्जारज्जू उचलण्याच्या घाईत पुरता जाऊ शकतो.

दुसरी गोष्ट, घरी आणलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी आणि पाठ रोज पाहावी. स्टोक मँडेव्हिलच्या डॉक्टरने जे केले ते केळापूरच्या कोणत्याही घरात आई, बहीण, भाऊ करू शकतात.

तिसरी गोष्ट शिक्षणाची, आणि ही आपल्या संस्थेच्या जिव्हाळ्याची. पाय गेले म्हणून मुलाचे वा मुलीचे नाव शाळेतून काढू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. ठराविक प्रमाणाहून अधिक अपंगत्व असल्यास सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ५ टक्के जागा आणि सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखीव आहेत. यासाठी अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते, ते काढण्याचा आळस करू नये. हक्क कागदावर असतात, ते मागणाऱ्यालाच मिळतात.

चौथी गोष्ट विद्यार्थ्यांसाठी. तुमचा वर्गमित्र असा घरी पडला असेल तर त्याला भेटून "अरेरे" म्हणून परत येऊ नका. वह्या घेऊन जा, धडे सांगा, कॅरमचा बोर्ड न्या, आणि खेळताना त्याला मुद्दाम जिंकू देऊ नका. खेळात खरी बरोबरी मिळाली म्हणजेच त्याला माणूस म्हणून बरोबरी मिळाली. शाळेच्या दारातील दोन पायऱ्यांशेजारी सिमेंटचा उतार करावा, वर्ग तळमजल्यावर घ्यावा, क्रीडादिनात त्याच्यासाठी एक स्पर्धा ठेवावी, एवढे तर गुरुजनांच्या हातचे आहे.

डॉ. गुटमान १९८० मध्ये निवर्तले. ज्या देशाने त्यांना हाकलले, त्याच जर्मनीतील हायडेलबर्गमध्ये त्यांनी रुजविलेल्या सामन्यांत सांगलीच्या एका जवानाने भारताचे नाव काढले. चांगल्या कामाचे फळ कोठे उगवेल हे लावणाऱ्यास ठाऊक नसते. आपल्या तालुक्यात कोणत्या घरात, कोणत्या बंद खोलीत, कोणते मूल छताकडे पाहात पडले आहे हे मात्र आपल्याला ठाऊक असते. त्या खोलीचे दार आधी घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी उघडावयाचे आहे. पुढचा रस्ता ते मूल स्वतः पाहील.